सहा आठवड्यांची झोळी : मोडलेल्या कॉलरबोनचा आढावा

धाराशिव जिल्ह्यातल्या हाडांच्या कुठल्याही दवाखान्यात थोडा वेळ बसले, तर एक रुग्ण काही न सांगता ओळखू येतो. एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर खालून तोलून धरलेले, मान दुखऱ्या बाजूला कललेली, त्या बाजूचा खांदा उतरलेला. सदऱ्याचे वरचे बटण काढले की गळ्याखाली, खांद्याकडे जाताना कातडीवर उंचवटा आलेला दिसतो. कॉलरबोन, म्हणजे गळ्याच्या खोबणीपासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारे आडवे हाड, मोडलेले असते.

हे फ्रॅक्चर दुर्मीळ नाही आणि बहुतेक वेळा जिवावरही बेतत नाही. मोठ्या माणसांच्या एकूण फ्रॅक्चरमध्ये त्याचा वाटा साधारण अडीच ते पाच टक्के आहे. लहान मुलांत तर ते नेहमी आढळणाऱ्या फ्रॅक्चरपैकी एक आहे. ते बहुधा आपोआप जुळते आणि म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले जात नाही. हे हाड कशामुळे मोडले? आपोआप न जुळणाऱ्यांपैकी ते आहे का? आणि जुळायला लागणारे सहा आठवडे या माणसाला मिळणार आहेत का? या तीन प्रश्नांपैकी तिसरा सहसा कोणी विचारत नाही, आणि या जिल्ह्यात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

हाडाची रचना

मोठ्या माणसात हे हाड सुमारे १५ सेंटीमीटर लांब, दुहेरी वळणाचे असते. हात आणि धड यांना हाडाने जोडणारा हा एकच दुवा. बाकी सगळा खांदा स्नायूंच्या भरवशावर असतो. माळवदाच्या घराची कललेली भिंत आत येऊ नये म्हणून लावलेला टेकू जे काम करतो, तेच हे हाड करते; खांद्याला छातीवर कोसळू देत नाही. टेकू गेला की खांदा पुढे, खाली आणि आत सरकतो.

गर्भात हाड घट्ट होण्याची सुरुवात याच हाडापासून होते, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. पूर्ण व्हायला मात्र यालाच सर्वांत उशीर लागतो. छातीकडचे टोक एकसंध होईपर्यंत माणूस विशी ओलांडून पंचविशीजवळ आलेला असतो. हे हाड कातडीच्या लगेच खाली असल्याने बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपता येते. त्याच्या पाठीमागून आणि खालून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जुडगा जातो. फुप्फुसाचे वरचे टोकही तिथेच असते.

दर पाचांपैकी चार फ्रॅक्चर मधल्या भागात होतात. तिथे हाडाचे वळण बदलते, जाडी कमी होते आणि स्नायूंचा आधारही तोकडा असतो. उरलेली बहुतेक खांद्याकडच्या टोकाला आणि अगदी थोडी छातीकडे होतात. मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो, हाताच्या वजनाने बाहेरचा तुकडा खाली जातो आणि छातीचा स्नायू त्याला आत ओढतो. कातडीवरचा उंचवटा आणि आखूड झालेला खांदा यांतूनच येतो.

मोडते कसे

बरीच वर्षे असे शिकवले जाई की माणूस हात टेकून पडला की धक्का मनगटातून वर चढत जातो आणि कॉलरबोन मोडते. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी रुग्णांना पडण्याची नेमकी तऱ्हा विचारून नोंदवली, तेव्हा उलटेच दिसले. ज्यांची माहिती नीट मिळाली त्यांतल्या ९४ टक्क्यांचा खांदाच थेट आपटला होता. हात टेकून पडलेले केवळ ६ टक्के होते. खांद्याच्या टोकावर मार बसतो, हाड लांबीच्या दिशेने दाबले जाते आणि वळणाच्या जागी तुटते. काठीचा घाव किंवा बैलाचे शिंग थेट हाडावर बसले तरी ते मोडते, पण तो प्रकार कमी.

हे कळले की दुचाकी आणि कॉलरबोन यांचे नातेही कळते. गाडी घसरते तेव्हा चालवणाऱ्याच्या मुठी हँडलवर आवळलेल्या असतात. हात पुढे करायला वेळच मिळत नाही आणि खांदा आधी डांबरावर जातो. सोलापूर-धुळे हा ५२ क्रमांकाचा महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून जातो. पुणे-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून. या दोन रस्त्यांना गावोगावचे फाटे येऊन मिळतात आणि फाट्यावरून येणारी दुचाकी थेट वेगवान ट्रकच्या वाटेत शिरते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या रानाचा चिखल डांबरावर येतो. रंग न मारलेला गतिरोधक, साइडपट्टीची सुटलेली खडी आणि रात्री मागे लाल पट्टी किंवा दिवा नसलेली उसाची ट्रॉली ही नेहमीची कारणे. मागे एका अंगाने बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात गेली, तर तीही खांद्यावरच पडते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. हेल्मेट कॉलरबोन वाचवत नाही हे खरे. पण खांदा ज्या क्षणी आपटतो त्याच क्षणी डोकेही आपटत असते. मोडलेली कॉलरबोन घेऊन दवाखान्यापर्यंत चालत येणारा माणूस बऱ्याचदा हेल्मेटमुळेच चालत आलेला असतो.

चारचाकीत सीटबेल्टचा पट्टा याच हाडावरून जातो, त्यामुळे जोराच्या धडकेत पट्ट्याखाली ते मोडू शकते. म्हणून पट्टा टाळायचा नसतो. कॉलरबोन जुळते, काचेवर आपटलेले डोके जुळत नाही.

रस्त्याखालोखाल शेत आणि घर. चिंच उतरवताना झाडावरून पडणे, भरल्या ट्रॉलीवरून तोल जाणे, बैलगाडीचे जू उलटणे ही गावातली कारणे. उन्हाळ्यात माळवदावर झोपायची रीत अजून अनेक गावांत आहे आणि बहुतेक माळवदांना कठडा नसतो. झोपेत कूस बदलताना किंवा पहाटे अंधारात शिडी उतरताना पडलेली माणसे दरसाल येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातली, सास्तूरसारखी गावे जाड दगडी भिंतींखाली गाडली गेली. अशा ढिगाऱ्याखाली कॉलरबोन एकटी मोडत नाही. तिच्याबरोबर फासळ्या जातात, फुप्फुसाला इजा होते. वरून वजन पडून मोडलेल्या कॉलरबोनकडे पाहताना आधी श्वास पाहायचा, हाड नंतर.

तिसरी जागा मैदानाची. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा आहे. भारतीय महिला संघाची कर्णधार म्हणून २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे इथलीच. तिच्यामागून कितीतरी मुली मैदानात उतरल्या आहेत. पळणाऱ्याला गाठण्यासाठी मारलेला सूर आणि खांबाला धरून घेतलेली झेप हे या खेळाचे सौंदर्य आहे आणि खांद्याला धोका असतो तोही तिथेच. सूर छातीवर, अंग लांब करून घसरत संपला तर काही होत नाही. अंग वळून खांद्याचे टोक जमिनीत रुतले तर हाड जाते. मॅटवर अंग घसरते, कडक मुरुमाच्या मैदानावर घसरत नाही. म्हणून सूर शिकवण्याआधी पडायला शिकवावे आणि सरावाची जागा भुसभुशीत असावी. हे शाळेच्या क्रीडाशिक्षकाला कुठल्याही निधीशिवाय करता येते.

बाळ आणि म्हातारपण

बाळ जन्मताना मोडणाऱ्या हाडांत कॉलरबोनचा नंबर पहिला. वजनदार बाळ, आईला मधुमेह, डोके बाहेर आल्यावर अडकलेला खांदा या प्रसंगी ते होते. कधी अगदी सरळ बाळंतपणातही होते. दचकल्यावर बाळ दोन्ही हात उघडते. मोडलेल्या बाजूचा हात मात्र हलत नाही. कधी पहिल्या दिवशी काहीच लक्षात येत नाही आणि आठ-दहा दिवसांनी न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईच्या बोटाला गाठ लागते. ती गाठ म्हणजे जुळू लागलेले हाड. घरात घबराट होते, कोणाला तरी दोष दिला जातो. दोन्हींचीही गरज नसते. दोन-तीन आठवड्यांत हे हाड जुळते आणि पुढे खूणही राहत नाही. एवढेच करायचे: बाही अंगड्याला टाचून हात छातीशी ठेवायचा, दंडाला धरून बाळ उचलायचे नाही आणि त्या खांद्याला मालिश करायचे नाही. हात पुढेही लुळाच राहिला तर मात्र मज्जातंतूची इजा आहे का हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

शाळकरी मुलांत हाड ओल्या फांदीगत एका बाजूने चिरते, दुसरी बाजू शाबूत राहते. ते तीन-चार आठवड्यांत सांधते आणि वाकडे जुळले तरी वाढत्या वयात बरेचसे सरळ होते. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बायकांत, उलट परिस्थिती. उंबऱ्याला अडखळून जागच्या जागी पडले आणि हाड मोडले, तर तो हाडे ठिसूळ झाल्याचा निरोप आहे. झोळी बांधून परत पाठवणे पुरेसे नाही. पुढचे फ्रॅक्चर खुब्याचे असू शकते, आणि ते माणसाला अंथरुणाला खिळवते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता यांची चौकशी त्याच भेटीत व्हायला हवी.

पहिला तास

पडलेल्या माणसाला हात वर करून दाखव म्हणू नये. घरातले उपरणे, ओढणी किंवा मोठा टॉवेल तिरका दुमडून त्रिकोण करावा. कोपर काटकोनात, मनगट कोपरापेक्षा किंचित वर, कोपराचे टोक कापडात नीट बसलेले. गाठ मारताना ती मोडलेल्या हाडावर येऊ देऊ नये, मानेच्या दुसऱ्या बाजूला घ्यावी. दुसरे कापड दंडावरून छातीभोवती सैल बांधले की हात हलत नाही. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काही मिनिटे ठेवावा. तेल, हळद, चुन्याचा लेप काही लावू नये. आत हाड टोचत असेल तर लेपाखाली ते दिसत नाही.

काही खुणा दिसल्या तर थांबायचे नाही, १०८ ला फोन करायचा. हाड कातडी फाडून बाहेर येणे, किंवा कातडी आतून ताणून पांढरी पडणे. हात गार, निळसर किंवा बधिर होणे. धाप लागणे. मानेच्या बुडाशी सूज झपाट्याने वाढणे. ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील १८५० मध्ये घोड्यावरून पडले आणि तीन दिवसांत गेले. मोडलेल्या कॉलरबोनने खालची मोठी रक्तवाहिनी फाटली, असे मानले जाते. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा वेळ हातात नसतो. बाकी रुग्णांचे निदान साध्या एक्स-रेने होते. भूम-परांड्याची माणसे बार्शीला, कळंबची लातूर-अंबाजोगाईला, तुळजापूर-उमरग्याची सोलापूरला धावतात. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. साध्या कॉलरबोनसाठी जिल्हा ओलांडायची वेळ कोणावर येऊ नये.

बांधायचे की प्लेट बसवायची

या हाडाच्या उपचाराचा इतिहास अडीच हजार वर्षांहूनही जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथात नोंद आहे की कॉलरबोन मोडलेला माणूस आधी फार घाबरतो, पण दुखणे ओसरले की हलगर्जी करतो. वैद्यालाही ते हाड देखणे बसवता येत नाही, म्हणून तोही दुर्लक्ष करतो, आणि तोवर हाड जुळून गेलेले असते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत या हाडाला अक्षक म्हटले आहे. ते खाली गेले असेल तर शेकून मुसळाच्या आधाराने वर उचलावे, वर आले असेल तर दाबून घट्ट बांधावे, असे तिथे सांगितले आहे.

अलीकडच्या काळात दोन पट्टे पाठीवर फुलीसारखे घेऊन दोन्ही खांदे मागे ओढणारा बेल्ट सर्रास वापरला गेला, अजूनही वापरला जातो. साध्या झोळीशी तुलना केली तेव्हा हाड जुळण्यात फरक पडला नाही; बेल्टने काखेत काचणे आणि दुखणे मात्र जास्त. त्यामुळे बहुतेक रुग्णांना झोळी पुरते.

शस्त्रक्रियेचा वाद मोठा आहे. १९६० मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी शस्त्रक्रियेशिवाय उपचार केलेल्या २,२३५ रुग्णांत केवळ ३ जणांचे हाड जुळले नाही असे नोंदवले. पुढची चाळीस वर्षे जग या आकड्यावर विसंबले. नंतर लक्षात आले की त्यात मुलेही होती आणि न सरकलेली फ्रॅक्चरही. २००७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांतल्या पूर्ण सरकलेल्या फ्रॅक्चरचे १३२ रुग्ण चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटले: एका गटाला झोळी, दुसऱ्याला शस्त्रक्रिया करून प्लेट. वर्षभर पाठपुरावा झालेल्यांत झोळीच्या गटातल्या ४९ पैकी ७ जणांचे हाड जुळले नाही, प्लेटच्या गटातल्या ६२ पैकी २ जणांचे. पण प्लेटच्या गटात जखम चिघळणे आणि प्लेट काढण्यासाठी पुन्हा टेबलावर जाणे हे प्रकार होते. आज साधारण एकमत असे आहे: हाड कातडीबाहेर आले, रक्तवाहिनी वा मज्जातंतूला इजा झाली, तुकडे पूर्ण सरकून हाड दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त आखूड झाले, किंवा खांद्याकडच्या टोकाचे अस्थिबंध तुटले, तर प्लेट किंवा आतून सळई घालण्याचा विचार करावा. बाकीच्यांना झोळी.

प्लेट म्हणजे लगेच मोकळीक, हा गैरसमज तरुणांत आहे. मोटारसायकल शर्यतीचा विश्वविजेता होर्हे लोरेंझो २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला सरावात पडला, बार्सिलोनाला जाऊन प्लेट बसवून आला आणि दोन दिवसांत शर्यत पाचव्या क्रमांकाने संपवली. ही गोष्ट सगळे सांगतात. दोन आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला आणि ती प्लेट वाकली, हे फारसे कोणी सांगत नाही. प्लेट तुकडे धरून ठेवते, जोडण्याचे काम हाडच करते आणि त्याला त्याचा वेळ लागतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका वाढतो. तंबाखूतले निकोटीन चघळण्यातूनही रक्तात जातेच, म्हणून झोळी आहे तोवर तरी पुडी बंद हे डॉक्टरांनी ठासून सांगायला हवे.

हाडवैद्याचे यश

गावात आजही आधी हाडवैद्याकडे नेतात. जवळचा माणूस, कमी पैसे, धीराचे बोलणे ही त्यामागची कारणे खरी आहेत आणि त्यांना हिणवून उपयोग नाही. कॉलरबोनमध्ये तर त्याचा हात लागला की बरे होते, असा अनुभव अनेकांना येतो, कारण ते हाड बहुधा तसेही बरे होणारच असते. पण सरकलेले तुकडे चोळून बसवण्याच्या प्रयत्नात धार असलेले टोक खालच्या मज्जातंतूंवर दाबले जाते. घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनी काखेत जखमा होतात. सर्वांत मोठे नुकसान वेळेचे. ज्याला शस्त्रक्रियेची गरज होती तो तीन महिन्यांनी येतो, तेव्हा हाडाची टोके गुळगुळीत झालेली असतात आणि काम अवघड होते. हाडवैद्याला एवढेच पटवता आले तरी पुष्कळ झाले: चोळू नको, आधी एक्स-रेला पाठव.

झोळीतल्या हाताला व्यायाम हवा, हेही कोणी सांगत नाही. पहिल्या दिवसापासून बोटे, मनगट, कोपर हलवायचे. दुखणे कमी झाले की पुढे वाकून हात लोंबता सोडून हळूहळू झुलवायचा. हात खांद्याच्या वर नेणे डॉक्टरांच्या सल्ल्याने, साधारण चार ते सहा आठवड्यांनी. वजन उचलणे आणि मैदान सुमारे तीन महिन्यांनी. हात पूर्ण बांधून ठेवला तर हाड जुळते आणि खांदा आखडतो. मग माणूस हाडापेक्षा खांद्यानेच जास्त दिवस अडतो.

सहा आठवडे कोणाचे

आता तो तिसरा प्रश्न. भूम, परांडा, वाशी, कळंब भागातून दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेब त्या कोयत्याचा होतो. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढावे लागते. त्या फळीवरून पाय घसरला आणि कॉलरबोन मोडली, तर डॉक्टर सहा आठवडे विश्रांती लिहून देतात. इकडे कामावर न गेल्याच्या प्रत्येक दिवसाचा खाडा मांडला जातो. एकाचा हात झोळीत गेला की अख्खा कोयता बसतो. मग झोळी आठ-दहा दिवसांत निघते, मोळी पुन्हा डोक्यावर येते आणि जे हाड जुळणार होते ते जुळत नाही.

असा रुग्ण न जुळलेले हाड घेऊन परत येतो, तेव्हा त्याने सांगितलेले ऐकले नाही असे म्हटले जाते. हे मला मान्य नाही. त्याच्या हाडाचा उपचार म्हणजे विश्रांती होती आणि ती त्याला मिळालीच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र रुग्णालयांत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया होतात, हा मोठा आधार आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना मृत्यू आल्यास किंवा डोळा, हात, पाय कायमचा गमावल्यास मदत देते. मोडून सहा आठवड्यांत जुळणारे हाड या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते: शस्त्रक्रिया नको असते आणि अवयवही गेलेला नसतो. आपण प्लेटचे पैसे देतो, झोळीचे देत नाही. खरे तर बहुतेकांना झोळीच लागते, आणि झोळीचा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी.

म्हणून आढाव्याअंती मागणे साधे आहे. प्रत्येक कॉलरबोन रुग्णाला पहिल्याच भेटीत एक्स-रे आणि सुमारे दोन आठवड्यांनी दुसरा, म्हणजे सरकणारे हाड वेळेत सापडेल. व्यायामाचा मराठीत छापलेला एक कागद. ट्रॉलीला मागे दिवा आणि लाल पट्टी असल्याशिवाय कारखान्याच्या काट्यावर प्रवेश नाही. शाळेच्या मैदानावर मऊ जागा. आणि ऊसतोड कामगाराच्या करारात एक ओळ: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीच्या दिवसांचा खाडा धरला जाणार नाही, त्या दिवसांची किमान मजुरी कारखाना आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ मिळून देतील. हे हाड जुळायला फारसे काही मागत नाही. ते सहा आठवडे मागते, आणि ते देणे डॉक्टरांच्या हातात नाही, आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.